एका खाचेची एसएसडी, दोन खाचांची एसएसडी

दिवाळी अंकांची कामे करणाऱ्या माणसाची खरी धावपळ ऑगस्टात सुरू होते आणि वसुबारसेच्या आसपास संपते. मी डोंबिवलीत घरीच अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते, आणि २०२५ च्या हंगामात माझ्याकडे तीन अंक होते. लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क असलेला. सकाळी तो सुरू करून मी चहा ठेवायला जात असे, आणि चहा पिऊन परत आले तरी पडद्यावरचे वर्तुळ फिरतच असे. एकदा घड्याळ लावून पाहिले, तेव्हा बटण दाबल्यापासून कामाची पहिली फाइल उघडेपर्यंत ६ मिनिटे ४० सेकंद गेली. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत बसलेला दिसे, रॅमही पूर्ण भरलेली नसे, आणि डिस्कच्या रकान्यात मात्र १०० टक्के हा आकडा हलायचे नाव घेत नसे.

हा आकडा तसा का दिसतो, हे साध्या हिशेबाने समजते. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०, आणि एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या दांडीच्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी ती दांडी योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी काही मिलिसेकंद जातात. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते आणि तिच्याविषयी तक्रार करावीशी वाटत नाही. पण विंडोज सुरू होताना, किंवा अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर शेकडो फाँटांची यादी भरून घेताना, हजारो बारीक तुकडे ठिकठिकाणांहून उचलावे लागतात, आणि अशा सुट्या धावा सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत. डेटा चिपांमध्ये साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे ही वाट पाहणेच उरत नाही. म्हणजे मला रॅम वाढवण्याची नव्हे, तर तबकडीपासून सुटका करून घेण्याची गरज होती.

नवा लॅपटॉप घ्यावा की आहे त्यालाच नीट करावे, हा प्रश्न नेमका त्याच दिवसांत उभा राहिला, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या सुदैवाने विंडोज ११ साठी चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची यादी, एखादा अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि माझा प्रोसेसर त्या उंबरठ्याच्या आत होता. पडदा चांगला, कळफलकावरची अक्षरे अजून पुसलेली नाहीत, अशा यंत्राला केवळ एका भागापायी निवृत्त करणे मला पटेना.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी जुन्या डिस्कची प्रकृती तपासली. क्रिस्टल डिस्क इन्फो हे छोटे सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवते. त्यात निळ्याऐवजी पिवळी खूण आली आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ या ओळीसमोर ८ हा आकडा दिसला. याचा अर्थ असा की आठ सेक्टर, म्हणजे साठवणुकीचे आठ बारीक तुकडे, डिस्कला नीट वाचता येत नव्हते आणि त्यांचे काय करायचे याचा निर्णय तिने लांबणीवर टाकला होता. आठ ही संख्या लहान असली तरी ती त्याआधी शून्य होती की सात, हे मला माहीत नव्हते, कारण सात वर्षांत मी कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधले दोष शोधणारी विंडोजचीच सोय, चालवण्याआधी मी कामाच्या सर्व फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. चेकडिस्क सखोल तपासणी करते तेव्हा ती संपूर्ण पृष्ठभाग वाचते, आणि आधीच थकलेल्या डिस्कला तेवढे श्रम करायला लावायचे असतील तर आपला डेटा तिच्याबाहेर सुरक्षित असलेला बरा. उतरवताना एक जुनी स्कॅन केलेली जाहिरात वाचता येत नाही असा निरोप आला, आणि ती मला मागच्या वर्षीच्या मेलमधून पुन्हा मिळवता आली. बाकी सारे आले. मग रात्रभर चेकडिस्क चालू ठेवली आणि सकाळी वाईट सेक्टर बाजूला काढल्याचा अहवाल वाचला.

आता खरेदीचा विषय आला, आणि इथे माझी चूक झाली. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका होती. तिच्यातल्या आकृतीत मदरबोर्डवर एम-डॉट-टू प्रकारचा एक रिकामा स्लॉट दाखवला होता आणि शेजारी २२८० असा आकडा होता. या आकड्यातील २२ म्हणजे एसएसडीची रुंदी आणि ८० म्हणजे लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २२४२ आणि २२६० अशा आखूड एसएसडीही मिळतात. मी आकृती पाहिली, माप वहीत टिपले, आणि त्याच पानावरची पुढची ओळ वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.

भाऊबीज झाल्यावर सोमवारी, २७ ऑक्टोबरला, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाचे सुटे भाग घ्यायला जाणारा माणूस ते नाव उच्चारत नाही. मी दुकानात ‘एम-डॉट-टू, २२८०, ५०० जीबी’ असे सांगितले आणि दुकानदाराने तंतोतंत तेच दिले. त्याच्याकडून काहीही चुकले नाही. मी जे विचारले नाही ते त्याने सांगितले नाही, इतकेच.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरली. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, आणि हातातली स्थिर वीज निघून जावी म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावून आले. डोंबिवलीच्या दमट हवेत तिचा धोका कोरड्या प्रदेशांपेक्षा कमी असतो, हे ठाऊक असूनही एवढी काळजी घेतली. खालच्या झाकणाचे स्क्रू एकसारखे दिसतात, पण मागच्या बाजूचे लांब आणि पुढच्या बाजूचे आखूड असतात, आणि लांब स्क्रू आखूड छिद्रात पिळला तर तो वरच्या भागाला इजा करू शकतो. म्हणून कागदावर लॅपटॉपची बाह्याकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. दोन स्क्रू मागच्या रबरी पट्टीखाली लपले होते. ते काढल्याशिवाय झाकण ओढले असते तर कोपरा नक्कीच तडकला असता. झाकणाच्या कडेने जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा सरकवत नेला, तेव्हा एकेक खिटी टचकन सुटत गेली. आत सात वर्षांची धूळ पंख्याभोवती साचली होती, ती रंगाच्या मऊ ब्रशने झाडली, आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी मदरबोर्डवरून सोडवली.

रिकामा स्लॉट लगेच सापडला. एसएसडी तिरकी धरून आत सरकवली, तशी ती सुमारे तीस अंशांच्या कोनात उभी राहिली, आणि दाबून आडवी केल्यावर तिचे दुसरे टोक स्क्रूने बांधायचे असते. तो स्क्रू मात्र नव्हता. कारखान्यातून रिकामा आलेल्या स्लॉटबरोबर कंपनी स्क्रू देईलच असे नसते, आणि एसएसडीच्या डब्यातही तो नव्हता. स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे गेले. त्याने डबीतले चार-पाच स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, “ताई, हे घेऊन जा, यातला एक लागेल.” २ मिलिमीटर जाडीचा आणि ३ मिलिमीटर लांबीचा एक बरोबर बसला. त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणून मी त्याच्याकडून एक चार्जिंगची केबल विकत घेतली.

सारे जोडून लॅपटॉप सुरू केला. विंडोज आले, पण नव्या एसएसडीचा कुठेच पत्ता नव्हता. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसेना, विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बायोस या मूळ प्रणालीच्या यादीतही दिसेना. पुन्हा उघडून, काढून, पुसून बसवली तरी तेच. बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत इंटेलच्या आरएसटीवर ठेवलेली आहे असे दिसले, आणि तिथेच काही तरी अडले असेल अशी समजूत करून घेऊन मी ती बदलून एएचसीआय ही दुसरी पद्धत केली. पुढच्याच क्षणी निळा पडदा आला आणि त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी अक्षरे उमटली, कारण जी पद्धत धरून विंडोज टाकलेले असते त्याच पद्धतीचा ड्रायव्हर ते सुरू होताना शोधते. घाबरून पद्धत पूर्ववत केली, तेव्हा विंडोज पुन्हा चालू झाले.

शेवटी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने माझे सगळे निवेदन ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मावशी, एसएसडीच्या सोनेरी दातांमध्ये खाच एक आहे की दोन?”

दोन होत्या. माझ्या एसएसडीचा आकार एम-डॉट-टू असला तरी तिची भाषा साटा, म्हणजे हार्ड डिस्कचीच जुनी भाषा, होती. एम-डॉट-टू हे फक्त शरीराचे माप आहे. त्या शरीरातून साटाही बोलू शकते आणि पीसीआय एक्स्प्रेस या अधिक वेगवान जोडणीवर चालणारी एनव्हीएमई ही भाषाही. साधारणपणे साटाच्या एसएसडीला दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईच्या एसएसडीला एकच, पाच दात एका बाजूला सोडून पाडलेली. दोन खाचांच्याही काही एनव्हीएमई एसएसडी असतात, त्यामुळे खाचा मोजून थांबता येत नाही, छापील माहिती वाचावीच लागते. एका खाचेसाठी बनवलेल्या स्लॉटमध्ये दोन खाचांची एसएसडीही अलगद जाते, आणि माझी तशीच गेली होती. परंतु माझ्या मदरबोर्डवर त्या स्लॉटपर्यंत साटाच्या तारा आणलेल्याच नव्हत्या. पुस्तिकेत मी न वाचलेली ओळ हीच होती: पीसीआय एक्स्प्रेस ३.० (म्हणजे तिसरी पिढी), दोन लेन (डेटा वाहून नेणाऱ्या वाटा), फक्त एनव्हीएमई.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लॅमिंग्टन रोड. पाकीट फोडलेला माल परत घेतला जाणार नाही, असे बिलावर छापलेलेच होते आणि दुकानदाराने त्यावर बोट ठेवले. मी वाद घातला नाही. या वेळी मात्र पुस्तिकेचे पान मोबाइलवर समोर धरून एनव्हीएमई मागितली. त्याच्याकडे पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीची होती, आणि ती तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त स्लॉटच्याच वेगाने. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला जेमतेम १ जीबी वाहून नेते, त्यामुळे दोन लेनवर २ जीबीच्या आतच राहावे लागते, आणि डब्यावरच्या भल्यामोठ्या आकड्याला माझ्या घरी काहीच अर्थ नव्हता. तरीही साटा एसएसडीची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी असते, हे ध्यानात घेता तक्रारीला जागा नव्हती. दोन गोष्टी मी मुद्दाम पाहून घेतल्या. एसएसडीवर उष्णता पसरवणारा धातूचा जाड पत्रा नसावा, कारण झाकणाखाली तेवढी उंचीच नसते, आणि चिप शक्यतो एकाच बाजूला असाव्यात. टिकाऊपणाचा आकडा ३०० टीबीडब्ल्यू होता, म्हणजे एकूण ३०० टीबी लिहून होईपर्यंतची हमी. मी रोज २० जीबी लिहिले, जे मी कधीच लिहीत नाही, तरी तो आकडा गाठायला चाळीस वर्षे लागतील.

ही एसएसडी बसवल्याबरोबर बायोसने तिला नावानिशी ओळखले. पुढे प्रश्न होता विंडोज नव्याने टाकायचे की जुन्याची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करायचा. जाणकार नव्याने टाकण्याचा सल्ला देतात आणि तो योग्यच आहे. परंतु माझ्याकडे जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांचा मोठा संग्रह आहे, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे बसवत आणलेल्या कळफलकाच्या मांडण्या, शब्दकोश आणि शैलीपत्रके आहेत. ती सगळी घडी पुन्हा घालायला आठवडा गेला असता. मी क्लोन निवडला.

१ टीबीवरून ५०० जीबीवर जायचे तर मजकूर मावला पाहिजे. जुन्या डिस्कवर ३१० जीबी भरलेले होते, आणि त्यात डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये चाळीस जीबीहून अधिक कचरा निघाला. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते, कारण बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या. काही क्लोन करणारी मोफत सॉफ्टवेअरे मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जायला सहजासहजी तयार होत नाहीत. एसएसडीच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरला मात्र भरलेला भाग मावण्याशी मतलब होता. क्लोनपूर्वी आणखी दोन तपासण्या केल्या. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोसची पद्धत यूईएफआय ही नवी आहे ना हे पाहिले, कारण एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होण्यासाठी ती लागते. मग डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे तिच्यावरचा मजकूर कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू आहे का ते पाहिले, आणि ते चालू होते. मी ते कधी चालू केल्याचे आठवत नव्हते, पण अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर ते आपोआप सुरू होते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली आणि काम होईपर्यंत एन्क्रिप्शन काढून टाकले.

दोन्ही डिस्क लॅपटॉपच्या आतच असल्यामुळे वेगळी केबल किंवा डबी लागली नाही. क्लोन दोन तासांहून थोडा अधिक वेळ चालला, आणि तो वेळही जुन्या डिस्कच्या वाचण्याचाच होता. संपल्यावर मी लॅपटॉप बंद करून जुनी हार्ड डिस्क काढली आणि मगच तो पुन्हा सुरू केला. एकाच ओळखक्रमाच्या दोन डिस्क एकत्र दिसल्या तर विंडोज त्यांतली एक बाजूला ठेवते, आणि आपण नेमके कोणत्या डिस्कवरून सुरू झालो हेही कळत नाही.

बटण दाबले आणि सवयीने चहा ठेवायला उठले. गॅस पेटवण्याआधी मागे वळून पाहिले तर पासवर्डची चौकट आलेली होती. फाइल उघडेपर्यंत ३१ सेकंद लागले.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने त्याने कुरकुर केली नाही. अक्षरजुळणीच्या एका सॉफ्टवेअरने मात्र हा वेगळा संगणक आहे असे जाहीर करून पुन्हा नोंदणी मागितली, आणि तीन मेल व दोन दिवसांनंतर ती मिळाली. क्लोनच्या आधीच जुनी नोंदणी सोडवून घेतली असती तर हे टळले असते. पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवणारी ट्रिमची सोय चालू आहे का, ते कमांड प्रॉम्प्टमध्ये पाहिले. तिथे शून्य आले, आणि इथे शून्य म्हणजे चालू. आठवडाभर सारे सुरळीत चालल्यावर विंडोज ११ वर गेले. त्याला पाऊण तास लागला, आणि फाइली जागच्या जागी राहिल्या. एन्क्रिप्शन पुन्हा चालू करून नवी की त्याच कागदाच्या मागे लिहिली.

दोन खाचांची एसएसडी तोवर कपाटात होती. भाच्यानेच सांगितले की एम-डॉट-टू साटासाठी अडीच इंची हार्ड डिस्कच्या आकाराची एक चपटी डबी मिळते. हार्ड डिस्कच्या जागी येणारी ५ व्होल्टची वीज ती एसएसडीला लागणाऱ्या ३.३ व्होल्टवर उतरवते, बाकी काही बदल करत नाही, कारण भाषा दोन्हीकडे साटाच असते. डबी ७ मिलिमीटर जाडीची निघाली आणि जुन्या डिस्कची जागा साडेनऊची, म्हणून कडेला स्पंजची पट्टी लावून ती घट्ट बसवली. विंडोज आणि सॉफ्टवेअर आता एका एसएसडीवर आहेत आणि दिवाळी अंकांच्या फाइली दुसरीवर. जुनी हार्ड डिस्क मी अजून पुसलेली नाही. तिच्यावर ‘आठ सेक्टर खराब, बॅकअपसाठी वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून तिला स्क्रूंच्या त्याच कागदात गुंडाळून ठेवले आहे. त्या कागदावर मोबाइलवाल्या मुलाने दिलेले उरलेले स्क्रूही आहेत, पण ते नेमके कोणत्या मापाचे आहेत हे मी लिहून ठेवायला विसरले.